जेलच्या पुस्तकातला माहा बाप

माहा बाप जेलातून पळून गेला, असं आमचं गाव पस्तीस वर्सं म्हनत होतं. मले बापाचा चेहरा आठवत नाही, मी तवा पाच वर्साची होती. एवढंच आठवते का तो बोडीतून, म्हंजे तळ्यातून, जाळं घेऊन घरी आला का त्याच्या पायाले चिखल वाळलेला राहे अन् मी तो नखानं खरडत बसत होती. बाकीचा बाप मले लोकायनं सांगतला, अन् खोटा सांगतला. आता मी म्हातारी झाली. मले लिवता येत नाही, मी सांगते अन् नात लिवून घेते. तिले म्हनलं, माहे शब्द बदलू नको. मी चांगली बोलून राहिली असं लोकायले वाटलं नाही तरी चालते.

आमी ढिवर. बोडीतले मासे पकडाचे, सानगडीच्या बाजारात विकाचे, अन् पावसात पाटलाच्या बांधीत, म्हंजे वावरात, भाताची रोपं लावाचा रोवना कराचा, हेच आमचं काम. माही माय आज्याची एकुलती एक लेक. म्हनून आज्यानं बापाले घरजावई आनला. बाप लहानपनीच पोरका झाला होता. तो आज्याच्या घरात राहिला, आज्याच्या जाळ्यावर राबला, आज्याले मरेपर्यंत त्यानं पाहिलं.

ते लढाईचे दिवस होते. गोरा सरकार लढाईत गुंतला होता अन् इथं त्याले हाकलाचं चालू होतं. गावच्या लोकायनं तारेचे खांब पाडले. कुराडी दोन होत्या, त्यातली एक माह्या बापाची. भादव्यात पोलीस आले अन् चौघायले घेऊन गेले. एक पाटलाचा मोठा लेक, एक दुकानदार, एक पाटलाचा भाऊबंद, अन् चौथा माहा बाप. दिवाळीले तिघं घरी आले. लोकायनं हार घातले, डफडं वाजवलं. माय डफड्याच्या मांगं मांगं पाटलाच्या वाड्यापर्यंत गेली अन् तिनं पाटलाच्या लेकाले इचारलं, "माहा मानूस?"

तो म्हने, "तो तं पहिल्याच महिन्यात भिंत चढून पळाला. आसामात चहाच्या मळ्यात मानसं नेऊन राहिले होते, त्यायच्यात गेला म्हनतेत."

बस. त्या एका गोष्टीवर माह्या मायची सारी जिंदगी गेली.

मायनं कुंकू पुसलं नाही, कारन नवरा मेल्याची खबर नव्हती. पन लग्नात हळद लावाले तिले कोनी बोलावलं नाही, कारन नवरा टाकून गेला होता. सवाशीन नाही, रांड नाही. विहिरीवर बाया तिले पाहून म्हनत, "का वो, चिठ्ठी आली का आसामातून? चहापत्ती तरी धाडली का?" दुसरी म्हने, "चहापत्ती कायची, तिकडची बायको धाडन आता." माय घागर भरे अन् निघून ये. मी एक दिवस त्या बाईच्या घागरीत शेन टाकलं. मायनं मले मारलं. म्हने, "शेन टाकून तुहा बाप येते का?" मले अजूनही वाटते, थोडं अजून टाकाले पाहिजे होतं.

माहं लग्न लाखांदूरकडे झालं. माहे मालक तापानं गेले, तवा मी लेकीले घेऊन मायकडे परत आली. एका घरात दोन बाया, एक रांडव अन् एकीचं कायी समजेना.

स्वातंत्र्याले पंचवीस वर्सं झाली तवा शाळेच्या आंगनात एक दगड उभा केला. जे जेलात गेले होते त्यायची नावं त्यावर. नावं तीन. पाटलाच्या लेकाले सरकारनं तांब्याचं पत्र देलं. म्हातारा पाटील तवापर्यंत मेला होता, आता हा सोताच पाटील झाला होता. झेंड्याच्या दिवशी सारं गाव जमलं. माय धुतलेलं लुगडं नेसून गेली, अन् सगळ्यायच्या समोर तिनं त्याले इचारलं, "मालक, चौथं नाव राहिलं का?"

तो हसला. राग नाही आला त्याले, हसला. म्हने, "बाई, जेल सोडून पळाला त्याचं नाव दगडावर कोरत नसतेत."

लोकही हसले. माय घरी आली अन् तिनं तांदूळ निवडाले घेतला. मी तिच्या समोर बसून म्हनलं, "माय, तो पळाला का मेला, हे मी काढते." ती म्हने, "काढून काय कराचं?" पन तिनं निवडनं थांबवलं होतं. तिले पाहिजे होतं.

शाळेतला मास्तर भला मानूस. तो मले म्हने, "ताई, जेलात मोठं पुस्तक असतं. कोण आला, कधी आला, कधी गेला, कसा गेला, सगळं लिहितात. पळाला असेल तर पळाला हेही लिहिलेलं असणार." त्यानं अर्ज लिहून देला. बापाचं नाव, त्याच्या बापाचं नाव, गाव. मी अंगठा लावला.

मी पहिल्यांदा भंडाऱ्याले गेली. तिथल्या बाबूनं सांगतलं, हे कागद इथं नाही, ज्या शहरात जेल होतं तिथं जा. तिथं गेली तं म्हने साहेब सुट्टीवर. पुढच्या महिन्यात गेली तं म्हने लढाईच्या वेळचे कागद बस्त्यात बांधून माळ्यावर ठेवले आहे, काढाले मानूस नाही. मी म्हनलं, "मी काढते, मी झाडावर चढते." बाबू म्हने, "बाई, हे सरकारी दफ्तर आहे, चिंचेचं झाड नाही."

एस्टीचा एक दिवस जायाचा, एक दिवस याचा. मधातली रात धर्मशाळेत. गाठोड्यात भाकर अन् सुकट झिंगे. एकदा त्या बाबूनं नाक दाबलं. "काय मेलं तुझ्या गाठोड्यात?" मी म्हनलं, "तुमच्या पुस्तकात माहा बाप मेला का नाही ते सांगा, मंग मी गाठोडं बाहेर ठेवते." त्या दिवशी त्यानं पुस्तक काढलं. लाल फडक्यात बांधलेलं, कोपऱ्यायले वाळवी लागलेली. बोटानं पानं भरभर पलटवली. मी बोटाकडे पाहत राहिली. मले वाचता येत नव्हतं, पन एवढं समजत होतं का एवढ्या जल्दी कोनी वाचत नाही.

म्हने, "नाही. या बापाचा असा कोणी मुलगा नाही."

"पळालेल्यायच्या यादीत?"

"त्यातही नाही. बाई, तुझा बाप जेलात आलाच नसेल. रस्त्यातूनच सटकला असेल."

मी आली घरी. मायले सांगतलं, पुस्तकात नाही. पन गावात ते पसरलं. मंग विहिरीवर नवीन गोष्ट सुरू झाली का बापानं पोलिसायले नावं सांगतली अन् सुटून गेला. म्हंजे आधी नुसता पळपुटा होता, आता फितूर झाला. हे माह्या शोधानं झालं. मी नसती गेली तं एवढं तरी झालं नसतं. याचा राग मले माह्यावर होता, अन् आहे.

तीन-चार वर्सं मी तो विषयच सोडला.

मंग आमच्या जातीत एक तेरवी झाली, मोठी पंगत. आमच्यात पंगत बसाच्या आधी एक म्हातारा घरघराच्या नावानं हाक मारते अन् त्या घरचे लोक पत्रावळीवर बसतेत. त्या दिवशी एक घरजावई आला होता. त्याले म्हाताऱ्यानं सासऱ्याचा लेक म्हनून हाक मारली अन् तो उठून बसला. मी सहज मायले म्हनलं, "पाहा ना, त्याच्या बापाचं नावच नाही."

माय म्हने, "घरजावायाले बापाचं नाव कुठचं राहते? तुह्या बापालेही असंच बोलावत होते. माह्या बापाचा लेक म्हनूनच तो बसे. कोनी इचारलं, कोनाचा गा तू, तं माह्या बापाचंच नाव सांगे."

मी घास पत्रावळीवर ठेवला.

"पोलिसायले काय सांगतलं असन त्यानं?"

"तेच सांगतलं असन. दुसरं काय सांगन?"

"अन् हे तू मले आता सांगते?"

"तू इचारलं कवा? मास्तरनं इचारलं नवऱ्याच्या बापाचं नाव काय, मी नवऱ्याच्या बापाचं नाव सांगतलं."

मले एवढा राग आला का मी अर्ध्या पंगतीतून उठली. मंग बोडीवर जाऊन बसली. मायची चूक नव्हती. मास्तरची नव्हती. बाबूनं तेवढं इचारलं असतं, बाई, तुमच्यात मानूस कोनाच्या नावानं ओळखला जाते, तं त्याच दिवशी सापडला असता. पन त्यायले काय पडलं होतं.

नवा अर्ज केला. या वेळी तिथं एक बाई बसली होती, नोकरीवर नवीनच. बौद्ध घरची लेक. तिनं मले खुर्चीवर बसवलं. त्या कचेरीत मले कोनी खुर्ची देली अशी ती पहिलीच. मी तिले सारं सांगतलं, घरजावई अन् आज्याचं नाव अन् कुराड. ती म्हने, "मावशी, मग आपण गावावरूनच पाहू. गावावरून चार माणसं एकाच दिवशी आली असतील तर एका खाली एक असतील." तिनं पुस्तक उघडलं अन् एक एक ओळ बोट ठेवून वाचली. पहिलं पान गेलं, दुसरं गेलं. चहा आला, तो थंड झाला.

मंग तिनं आमच्या गावचं नाव घेतलं.

चारही नावं एका खाली एक होती. पहिला पाटलाचा लेक. ती वाचत होती, "माफीनामा लिहून दिला. सुटका." दुसरा दुकानदार. "माफीनामा लिहून दिला. सुटका." तिसराही तसाच. तिनं माह्याकडे पायलं. मी म्हनलं, "वाच बाई, थांबू नको."

चौथं नाव बापाचं होतं, बापाच्या जागी आज्याचं नाव. "माफीनाम्यावर अंगठा देण्यास नकार. सक्तमजुरी." त्याच्यापुढं, "हगवणीने मयत." अन् महिना. तो रोवन्याचा महिना होता, पुढच्या सालचा.

ती थांबली. मी म्हनलं, "अजून आहे का?"

"आहे, मावशी. 'घरी कळविणेकामी गावच्या पाटलास कागद पाठविला. पोचल्याची सही आली. वारस आला नाही. प्रेताची व्यवस्था जेलने केली.'"

मी तिले तीनदा वाचाले लावलं. वारस आला नाही. मायचं घर पाटलाच्या वाड्यापासून एका हाकेवर आहे. मी रडली नाही. माह्या कानात नुसता आवाज येत होता, भट्टी फुकल्यासारखा. ती बाई रडली. तिनं नक्कल करून देली, शिक्का मारला, अन् कागद माह्या हातात देताना म्हने, "मावशी, हा कोणाला देऊ नका. दाखवा, पण देऊ नका."

घरी आली तवा माय आंगनात जाळं तुनत होती. मी उभ्यानंच सांगतलं.

"पळाला नाही, माय. जेलातच मेला."

तिनं सुतळीची गाठ मारली, दातानं तोडली. "कायनं?"

"हगवनीनं."

"अन् ते तिघं कसे सुटले?"

"त्यायनं माफी लिवून देली. यानं अंगठा लावला नाही."

तिनं जाळ्याचं दुसरं भोक पकडलं. मंग म्हने, "कोन्त्या महिन्यात?"

"पुढच्या रोवन्यात. म्हाताऱ्या पाटलाले कागद आला होता. त्यानं सही करून घेतला."

मायनं जाळं बाजूले ठेवलं. म्हने, "त्या रोवन्यात मी त्याच्याच बांधीत होती. तो छत्री घेऊन धुऱ्यावर, वावराच्या कडेले, उभा राहे. मले म्हने, बाई, हात चालव, आसामाकडे काय पाहून राहिली."

एवढं बोलली अन् उठली. बोडीवर गेली, आंग धुतलं, आली तं कपाळ कोरं होतं. बांगड्या तिनं घाटावरच फोडल्या होत्या. एकलीनं. कोनी बाई संग नाही, कोनी हात धराले नाही. पस्तीस वर्सानंतर ती रांडव झाली, अन् ती खबर पाटलानं पहिल्याच दिवशी द्याले पाहिजे होती.

दुसऱ्या दिवशी मी वाड्यात गेली. पाटील पडवीत पेपर वाचत होता. मी पायरीवर बसली नाही, उभी राहिली. कागद त्याच्या डोळ्यासमोर धरला.

त्यानं चष्मा लावला, वाचला. पहिली ओळ त्याचीच होती. त्यानं दाराकडे पायलं, सून आयकते का म्हनून. हळूच म्हने, "हे कायले खोदून काढलं?"

"माय इचारून राहिली, काहून नाही सांगतलं."

"बाबानं कागद घेतला. बाबा आता आहे का?"

"तुमाले माहीत नव्हतं का?"

त्यानं पेपरची घडी घातली. मंग म्हने, "आमी दिवाळीलेच सांगून बसलो होतो का तो पळाला. आमी तिघं आलो, तो एकटा आला नाही, लोक इचारन ना काहून. काय सांगाचं होतं? मंग तो कागद आला. बाबा म्हने, रोवना उरकू दे, हातची बाई जाईन, मंग सांगू. मंग राहून गेलं."

"पस्तीस वर्सं राहून गेलं?"

"तू पेन्शनीसाठी आली असशीन तं मी सही देतो. दगडावरही नाव टाकून देतो. कारागीर बोलावतो याच हप्त्यात. पन हा वरचा भाग," अन् त्यानं पहिल्या तीन ओळीवर बोट ठेवलं, "हा कोनाले दाखवू नको. आता नातवं मोठे झाले आहे."

मी त्याच्या बोटाखालून कागद वढला. मले लय बोलाचं होतं. रस्त्यानं मनात सारं जुळवून आनलं होतं, शिव्याही. पन तो म्हातारा मानूस कागदाकडे असा पाहत होता का जसा तो कागदच चोरी करून आला. मी एवढंच म्हनलं, "माह्या बापाले लिवता येत नव्हतं, म्हनून तो मेला असं समजू नका. अंगठा त्याच्यापाशी होता."

घरी येऊन मायले दगडाचं सांगतलं. ती म्हने, "त्या तिघायच्या खाली? नको." मास्तर बदलून गेले होते, नवीन मास्तर समजावाले आला, का आजी, नाव लागले पाहिजे, पोरं वाचतील. माय म्हने, "पोरं वाचतील का हा त्यायच्यासारखाच होता. नको." त्या दगडावर आजही तीनच नावं आहे. लोक मले म्हनतेत, तुमीच नाही म्हनलं. हो, आमीच नाही म्हनलं.

तो कागद मी साऱ्या मोहल्ल्यात वाचून घेतला, वरच्या तीन ओळीसकट. विहिरीवरच्या बाया चूप झाल्या. माफी कोनी मागतली नाही. एक जन म्हने, "आमाले काय माहीत होतं?" माहीत नव्हतं तं बोलाचं कायले होतं, हे मी तिले इचारलं. तिनं घागर उचलली.

पन मायचं तेवढ्यानं झालं नाही. महिना-दीड महिना ती एकच गोष्ट धरून बसली. पळाला नाही, ते झालं. अंगठा देला नाही, तेही झालं. पन पुस्तकात लिवून आहे का वारस आला नाही. ती म्हने, "मी होती ना. मले घेऊन चाल तिथं."

"आता तिथं काय आहे, माय? राखही नाही."

"राख कोनी मांगतली? ते पुस्तक आहे ना."

माय त्याच्याआधी कधी एस्टीत बसली नव्हती. खिडकीतून ओकली, मंग निपचित पडून राहिली. कचेरीच्या पायऱ्या हातानं धरून धरून चढली. तीच बाई होती. तिनं मायले खुर्ची देली, माय खाली फरशीवर बसली. म्हने, "पुस्तक आन, बाई."

तिनं आनलं. माय म्हने, "कुठं आहे तो?" तिनं ओळ दाखवली. मायनं त्यावर हात फिरवला नाही, नुसतं पायलं. मंग म्हने, "आता हे खोड. वारस आला नाही, हे खोड. अन् लिव, बायको आली होती."

"आजी, जुन्या पुस्तकात आता कोणालाच काही लिहिता येत नाही. कायदा तसा आहे."

"खोटं लिवता आलं, तवा कायदा नव्हता का?"

त्या बाईनं पुस्तक बाजूले सरकवलं. तिनं एक कोरा कागद घेतला. त्यावर लिवलं का या कैद्याची बायको अमुक गावची, तिले खबर कोनी देली नाही, म्हनून ती तवा आली नाही, आज आली. मायनं अंगठा लावला. शाई जास्त झाली होती, तरी ती दाबून धरून बसली, मी तिचा हात उचलला तवाच तो निघाला. बाईनं तो कागद त्याच पानात ठेवला अन् पुस्तक बांधलं.

माय पुढच्या सालच्या उन्हाळ्यात गेली. बाई बदलून गेली. मी मांगं एकदा तिथं जाऊन आली, नवीन बाबू होता. म्हनलं, त्या पानात एक सुटा कागद आहे, पाहा बरं. त्यानं पुस्तक काढलं, पान उघडलं, झटकलं. कागद नव्हता. कुठं पडला, कोनी काढला, त्याले माहीत नाही. म्हने, सुटे कागद पडतातच.

त्या पुस्तकात आजही लिवून आहे का वारस आला नाही. ते खोटं आहे. मायनं अंगठा लावला तवा मी तिच्या बाजूलेच बसली होती.